गोळ्यांचा रकाना

डॉक्टरांनी माझी वही उंच धरली आणि बाकांवर बसलेल्या बायांकडे वळून ते म्हणाले, “ही बघा. वही ठेवायची तर अशी. या ताई हिंगोलीहून येतात. दोन महिन्यांत एक दिवस सुटलेला नाही.” बायांनी माना वर केल्या. दोघी-तिघींनी वहीकडे पाहिलं, बाकीच्यांनी माझ्याकडे. मी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि मला हसू आलं. ते हसू मला अजून छळतं, कारण ते खोटं नव्हतं. शाळेत बाई माझी वही सगळ्या वर्गाला दाखवायच्या तेव्हा पोटात जसं ऊन ऊन वाटायचं, तसंच वाटलं. श्वास घ्यावा इतकासा वेळ गेला, आणि मग डॉक्टरांचा अंगठा वहीवर कुठं टेकलाय ते मला दिसलं. चौथ्या रकान्यावर. वहीत चार रकाने होते : तारीख, लघवी, वजन, गोळ्या. लाल शाईच्या रेघा मी पट्टीनं मारल्या होत्या. पहिले तीन रकाने खरे होते.

नांदेडचा तो दवाखाना, मे महिन्यातला दुसरा शनिवार. लहान मुलांच्या किडनीचे हे डॉक्टर महिन्यातून एकदाच हैदराबादेहून इथं यायचे, म्हणून त्या दिवशी सगळा व्हरांडा सुजलेल्या मुलांनी भरलेला असायचा. वर पंखा होता, पण त्याचं वारं खाली पोचत नव्हतं. अर्ध्या तासापूर्वीच डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून सांगितलं होतं : आठ आठवडे पूर्ण डोस झाला, तरी सुरजच्या लघवीतलं प्रथिन थांबत नाही, म्हणजे किडनी या गोळ्यांना दाद देत नाही. आता हैदराबादेला नेऊन पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढायचा, तपासायचा, आणि दर महिन्याला एक जबर इंजेक्शन सलाईनमधून सुरू करायचं. केस जातील, ते परत येतात. जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. “आणि पुढं मोठा झाल्यावर मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. पण सांगणं माझं काम आहे.” माझा नवरा रविंद्र हे ऐकताना ऑफिसात साहेबासमोर बसावं तसा खुर्चीच्या कडेवर बसला होता. सुरज टेबलावरच्या प्लास्टिकच्या किडनीचं झाकण उघडून आत बोट घालत होता. नऊ वर्षांचा सुरज, आणि त्याची मुलं. मला त्याची मुलं दिसली नाहीत. मला फक्त ते बोट दिसलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताचे रिपोर्ट तीनला येतील, मग बसून ठरवू, सह्या वगैरे. रविंद्र सुरजला घेऊन रक्त द्यायला गेला, आणि डॉक्टर दुसऱ्या खोलीकडे जाता जाता व्हरांड्यात थांबले, माझी वही उंच धरून.

वही माझ्या मांडीवर परत आली तेव्हा साडेअकरा झाले होते. तीनपर्यंत मला फक्त बसून राहायचं होतं. मी अशी बसायला शिकलेली बाई आहे. तीन वर्षं मी हेच केलं. त्याची सुरुवात एका बोटानं झाली, माझ्याच. सुरज सहा वर्षांचा होता, जिल्हा नवाच झाला होता, रविंद्रची बदली कलेक्टर कचेरीत झाली म्हणून आम्ही कुरुंदा सोडून हिंगोलीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो होतो. न्हाऊ घालताना त्याच्या उजव्या कानामागं माझं बोट अडखळलं. भिजलेल्या हरभऱ्याएवढं काहीतरी, कातडीखाली सरकणारं. दुखत नव्हतं. खाजत होतं. मी रोज बोट लावून बघायची. रोज बघितलं की वाढतंय की नाही ते कळत नाही, हे मला कळत होतं, तरी रोज. सासूबाई कुरुंद्याहून ओल्या हळकुंडाची गाठोडी घेऊन आल्या, उगाळून गरम लेप लावला, आठ दिवस त्याची मान पिवळी होती आणि उशीचा अभ्रा अजून पिवळा आहे. गावातल्या डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि टी.बी. म्हणाले. आमच्याकडे मानेला गाठ आली की सगळ्यांच्या तोंडी तेच येतं, त्यांचा दोष नाही. नऊ महिने ती औषधं. त्या औषधांनी लघवी लाल होते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ओरडत रस्त्यापर्यंत गेले होते, आणि दवाखान्यात कंपाउंडर हसून म्हणाला होता, “मॅडम, तो औषधाचा रंग आहे. तुम्ही तर सायन्सवाल्या ना?” मी फार लाजले. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले, की मुलाच्या लघवीत काही दिसलं तर ते औषधाचं असतं. जे शिकायला नको होतं ते मी असं नीट शिकले.

गाठ लिंबाएवढी झाली. ती नांदेडला काढली, बाटलीत घालून तपासायला मुंबईला गेली, आणि महिन्यानं एक नाव आलं. किमुरा. जपानी माणसाचं नाव. कातडीखालच्या मऊ भागाला सूज येते, रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी उगाच वाढतात, खाज सुटते. कॅन्सर नाही. “कॅन्सर नाही” हे दोन शब्द आम्ही पेढ्यासारखे वाटले, चाळीत, ऑफिसात, कुरुंद्याला फोन करून. क्वचित कुणाच्या किडनीवर जातं, असं ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी म्हटलं होतं. ‘क्वचित’ हा शब्द मी ऐकला होता. पण तो शब्द ऐकताना माणूस आपल्या मुलाला त्यात धरत नाही.

आणि मग त्याला बाळसं आलं. दोन वर्षं काड्यांचे हात-पाय बघितलेल्या आईला बाळसं काय असतं हे मी कुणाला कसं सांगू. गाल भरले, डोळे गालांत बसले, पोट गोल झालं. मी त्याला नवा सदरा घेतला, मोठ्या मापाचा. सकाळी तो उठला की पापण्या जड असायच्या, मी म्हणायची, झोप झाली लेकराची. दिवाळीच्या पाडव्याला सासूबाई आल्या. कमलबाई, माझ्या सासूबाई, अंगठ्याशिवाय सही नाही, आयुष्य हळद शिजवण्यात आणि पसरण्यात गेलं. त्यांनी सुरजचे शाळेचे मोजे काढले, घोट्याजवळ बोट दाबून धरलं, आणि बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला. त्या कितीतरी वेळ त्या खड्ड्याकडे पाहत होत्या. “काहून गं करुणा, लेकराचं अंग असं काहून भरून राहिलं? ह्ये बाळसं न्हाई. ही सूज हाय.” मी चुलीपाशी नव्हते, गॅसपाशी होते. हा फरक मला त्या वेळी मोठा वाटत होता. मी म्हणाले, “आत्या, तुम्हाला त्याचं चांगलं झालेलं दिसत नाही का?” त्यांनी सुरजचे मोजे परत चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वसमत गाडीनं निघून गेल्या. जाताना सुरजच्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याचा मूत पाह्य जरा. फेस येतो.” तो अंगणात जांभळीच्या बुडाशी जायचा. जमीन सगळं पिऊन टाकते. मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं, फेस होता, आणि मला ती लाल लघवी आठवली, कंपाउंडरचं हसणं आठवलं. औषधाचं असेल. त्या वेळी तो कसलंच औषध घेत नव्हता. मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, फर्स्ट क्लास.

केमिस्ट्रीचा उपयोग पुढं झाला. मार्चमध्ये सूज मलाही नाकारता येईना आणि हे डॉक्टर भेटले, तेव्हा त्यांनी सगळ्या आयांना शिकवलं तसं मलाही शिकवलं, पण मला शिकवावं लागलं नाही. सकाळची पहिली लघवी काचेची नळी तीनातले दोन भाग भरेल एवढी घ्यायची, वरचा भाग ज्योतीवर धरून उकळवायचा, दोन थेंब व्हिनेगर टाकायचं. पांढरं धुकं राहिलं तर प्रथिन जातंय. मी स्पिरिटचा दिवा आणला, लाकडी चिमटा आणला. नळीमागं वर्तमानपत्र धरायची. अक्षरं वाचता आली तर एक खूण, नुसत्या काळ्या ओळी दिसल्या तर दोन, काहीच दिसलं नाही, दह्यासारखी गुठळी झाली तर तीन. रोज सकाळी सहाला मी माझ्या मुलाच्या पाण्यातून जगाच्या बातम्या वाचायची. बगदाद पडलं ते मी तसंच वाचलं, अर्धं. नळी हातात असली की माझे हात थरथरत नसत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले ते तीन वर्षांचे दिवस, नोकरीचे अर्ज, ‘पोस्ट भरली गेली आहे’, मग लग्न, हे सगळं जणू या एका कामासाठीच होतं असं वाटायचं, आणि या विचाराची भीतीही वाटायची, कारण त्यात कुठंतरी समाधान होतं.

रोज सकाळी आठ गोळ्या. पांढऱ्या, बारीक, जिभेवर विरघळल्या तर कडू. दोन आठवड्यांत नळीतलं दही गेलं, धुकं राहिलं, एक-दोनदा अक्षरंही दिसली. पण सुरज दुसराच कुणी होऊ लागला. तोंड पुनवेसारखं गोल, गालांवर लव, पाठीवर पुळ्या. भूक अशी की दुपारी झाकलेली भाकरी कोरडीच खाऊन टाकायचा आणि मग रडायचा. वरण बिनमिठाचं, भाजी बिनमिठाची, तो शेजारच्या घरी जाऊन लोणच्याची फोड चोखून यायचा. मला दोन सुजा ओळखता येईनात. आधी सुजला होता तो आजारानं, आता सुजलाय तो औषधानं, असं डॉक्टर सांगायचे. पण तोंड एकच होतं. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टर म्हणाले, सुधारतंय, अजून चार आठवडे पूर्ण डोस, एकही गोळी कमी नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी जयंती होती. आमच्या विहारासमोर मांडव, निळ्या पताका, आणि संध्याकाळी मुलांची भाषणं. सुरज दुसरीपासून भाषण करायचा, दरवर्षी, पाठ करून, हात वर करून. यंदा त्याला शिक्षणावर बोलायचं होतं, मी लिहून दिलं होतं, दीड पान. पांढरा सदरा गुंड्यांपाशी ताणला होता. तो माईकपाशी गेला आणि पुढं बसलेल्या पोरांतून कुणीतरी म्हणालं, “फुगा आला रे, फुगा.” फार मोठ्यानं नाही. माणसं हसली, तीही फार नाही, वाईट मनानं तर नाहीच. आमचीच माणसं होती. सुरज तोंड माईकला लावून उभा राहिला. त्याचा श्वास लाऊडस्पीकरमधून सगळ्या वस्तीला ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. कुणीतरी ओरडलं, “बोल बाळा, भिऊ नको.” तो श्वास किती वेळ चालला असेल, अर्धा मिनिट? मला वाटतं अजून चालू आहे. मग तो खाली उतरून माझ्याकडे आला, माझ्या पदरात तोंड घातलं आणि विचारलं, “आई, माझं जुनं तोंड कधी येईल?”

दुसऱ्या दिवशी मी सहा दिल्या. एकदम बंद करायच्या नसतात हे मला माहीत होतं. पाकिटातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं मी सगळं वाचलं होतं. म्हणून सहा, मग चार, मग दोन. कागद न वाचणाऱ्या आईनं हे केलं नसतं, तिनं आठच्या आठ दिल्या असत्या. सुरजला मी सांगितलं, आता कमी झाल्या, पण बाबांना सांगू नकोस, ते उगाच काळजी करतात. त्यानं मान हलवली, इतक्या पटकन की मला तेव्हाच कळायला हवं होतं, त्याला सगळं समजलंय. महाराष्ट्रदिनाला शेवटची गोळी. रोज सकाळी नळी उकळायची, धुकं घट्ट होत जाताना पाहायचं, खरं ते लिहायचं, दोन खुणा, तीन खुणा, आणि शेजारच्या रकान्यात बरोबरची खूण करून ‘८’ लिहायचा. अक्षर वळणदार यायचं. मी स्वतःला सांगायची, गाल उतरले, शाळा सुरू होण्याआधी परत सुरू करू, थोडे दिवस. त्याचे गाल उतरले होते का? मला उतरलेले दिसत होते.

“ताई, दावता का वही जरा?”

शेजारच्या बाईनं विचारलं. दंडापर्यंत चुडे, कळमनुरीकडच्या तांड्यावरची, मिराबाई. मागच्या महिन्यातही पाहिली होती. तिची दहा वर्षांची पोरगी बाकाखाली फरशीवर गार लागतं म्हणून निजली होती. “लिव्हता येत न्हाई मला. पर पाहू द्या. डाक्टर इतकं कौतुक करून राहिले.” तिनं वही घेतली, पानावरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. “ह्ये काय?”

“तारीख.”

“आन् ह्ये?”

“गोळ्या. दिल्या की बरोबरची खूण.”

ती एकेका खुणेवर बोट ठेवत खाली आली. पान उलटलं. “सगळ्या बराबर? एकबी चुकली न्हाई?”

मी म्हणाले, “नाही.”

“माझ्या तर लई चुकतात, बाई. भावाच्या लग्नाला गेले, गोळ्या घरीच राहिल्या, चार दिस. इथं येऊन सांगितलं. अशे बोलले डाक्टर. बोलले, पाणी पिले, आन् पुन्ना बोलले. म्हणले, मिराबाई, तुला पोरगी पाहिजे का न्हाई? म्हणलं, पाहिजे म्हणून तर सांगून राहिले साहेब, न्हाईतर गप नसते का बसले.” ती स्वतःशीच हसली. पोरीच्या अंगावरची माशी उडवली. “तुमचं बरं हाय. तुमाला सांगायचं कामच न्हाई पडत.”

वही मांडीवर परत आली. पोरीचे पाय माझ्या चपलांना लागत होते, गरम, फुगलेले, आणि घोट्यावर पैंजणाची खूण रुतलेली. मी उठून नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं. मला वाटत होतं मी रविंद्रला भिते. मग वाटलं, नाही, सासूबाईंना. मग लक्षात आलं की मला त्या बाकांवरच्या बायांची भीती वाटत होती, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती आणि ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी माझ्याकडे मान वर करून पाहिलं होतं. एवढ्यासाठी, एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस आपल्या मुलाच्या पाठीत सुई जाऊ देईल का? मी जाऊ देत होते. साडेअकरापासून तीनपर्यंत मी ते ठरवलेलंच होतं, असं आता मला दिसतं. सुई जाईल, इंजेक्शन लागेल, तो बरा होईल, आणि कुणालाच काही कळणार नाही.

तीनला आम्ही तिघं आत गेलो. रिपोर्ट वाईट होते, रक्तातलं प्रथिन खूप खाली आलं होतं. डॉक्टर हैदराबादेचा पत्ता लिहीत होते. रविंद्रनं खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. “सही कुठं करायची, सर?” सुरज परत त्या प्लास्टिकच्या किडनीपाशी उभा होता. त्यानं विचारलं, “सुई एवढ्या आतपर्यंत जाते?” आणि बोट दाखवलं.

“मी गोळ्या दिल्या नाहीत,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांना वाटलं असेल मी आजच्या गोळ्यांबद्दल बोलतेय. “आजच्या घरी जाऊन दिल्या तरी चालतील.”

“आज नाही. पंधरा एप्रिलपासून कमी केल्या. एक मेनंतर एकही नाही. वहीत लिहिलंय ते खोटं आहे.”

तेवढ्यात सुरज बोलला. किडनी हातात तशीच धरून, भाषणाच्या आवाजात, पाठ केल्यासारखा. “आईनं दिल्या होत्या. मीच थुंकायचो. मोरीत. रोज. आईला माहीतच नव्हतं.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रविंद्रनं पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं नाही, त्यानं परत काढून परत लावलं. मी म्हणाले, “तो खोटं बोलतोय.” आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलाला चारचौघांत खोटारडा म्हटलं. सुरजचे डोळे भरले. किडनीचं झाकण त्यानं बसवून ठेवलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. तारखा विचारल्या. मला सगळ्या पाठ होत्या, कुठल्या दिवशी किती, त्या सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मग एकदाच म्हणाले, “तुम्ही बी.एस्सी. आहात ना?” मी हो म्हणाले. त्यांनी हैदराबादेचा पत्ता लिहिलेला कागद फाडला. “याचा अर्थ एवढाच की दाद देत नाही असं मला आज म्हणताच येत नाही. औषध पोटात गेलंच नाही तर दाद कसली. सहा आठवडे आठ गोळ्या. रोज. एकही न चुकता. त्यानंतर बोलू. कदाचित सुई लागणारही नाही.”

परतीच्या गाडीत सुरज माझ्या मांडीवर झोपला. रविंद्र समोरच्या बाकावर बसला होता, शेजारची जागा रिकामी असून. डोंगरकड्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तो खाली उतरला, पाण्याची बाटली भरून आणली, सुरजच्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, “वही माझ्याकडं दे.”

त्यानंतर सगळं तोच करायचा. पहाटे उठून गोळ्या मोजायचा, सुरजला पाणी द्यायचा, मग “आ कर” म्हणून बॅटरीनं तोंड बघायचा, जिभेखाली, गालाच्या आत. नळीही तोच उकळायचा. पहिल्या आठवड्यात दोन बोटं भाजली. नळी सरळ धरायचा, मग ती उसळून भिंतीवर उडायची. मी दारातून बघायची. तिरकी धरा, एवढंही म्हणायची नाही. सासूबाई आल्या, त्यांना रविंद्रनं सांगितलं होतं. त्या कांदा चिरत होत्या. “लेकराच्या तोंडाला भिऊन गोळ्या बंद केल्यास व्हय? मी केलं असतं तर अडाणी म्हणली असतीस.” मी म्हणाले, “हो, आत्या. म्हटलं असतं.” त्यांनी चिरलेला कांदा माझ्याकडे सरकवला. एवढंच. सुरजचं तोंड परत गोल झालं आणि त्यानं कुणाला काही विचारलं नाही. संध्याकाळी खिडकीत बसून तो बाहेर खेळणाऱ्या पोरांचे डाव मोजायचा.

ते सहा आठवडे मी सुखात होते. हे लिहायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. नवरा बोलत नव्हता, सासू टोमणे मारत होती, आणि मी भांडी घासताना गुणगुणायची. कारण आता सगळं मला कळलं होतं. मुलाच्या किडनीत कसलाही गूढ दोष नव्हता. जपानी नावाचं काही नव्हतं. फक्त मी होते. एका आईनं पंचवीस दिवस चूक केली आणि आता ती चूक भरून निघत होती, रोज आठ-आठ गोळ्यांनी. चूक दुरुस्त करता येते. मी हिशोबाला बसले की तेच उत्तर यायचं : गोळ्या थांबल्या, धुकं वाढलं, गोळ्या सुरू, धुकं जाणार. मी इतकी वाईट वागले होते की सुरज बरा होणारच होता. नळीत काय दिसतं ते रविंद्र सांगत नव्हता, मी विचारत नव्हते. चौथ्या आठवड्यात सुरजचे बूट त्याला घट्ट झाले. वाढतंय पोरगं, असं माझ्या मनात आलं, आणि मी तो विचार तिथंच, अर्ध्यात, धरून उभी राहिले.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी रविंद्रनं मला हाक मारली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा, नावानं. मी स्वयंपाकघरात गेले. दिवा जळत होता, त्याच्या हातात चिमटा, चिमट्यात नळी. आता तो तिरकी धरायला शिकला होता. “तू बघ,” तो म्हणाला. “मला नीट कळत नाही.”

त्याला कळत होतं. मी नळी घेतली, व्हिनेगरचे दोन थेंब टाकले, मागं कालचं वर्तमानपत्र धरलं. अक्षरं नव्हती. ओळी नव्हत्या. पांढरी गुठळी नळीच्या तळाशी हळूहळू बसत होती, नुकत्याच लागलेल्या दह्यासारखी. मी नळी हलवली, परत बघितलं, खिडकीच्या उजेडात नेऊन बघितलं.

रविंद्रनं दिवा विझवला. बाहेरच्या खोलीत सुरज अजून झोपला होता, त्याच्या नाकातून श्वासाचा बारीक आवाज येत होता. रविंद्र माझ्याजवळ आला, इतक्या जवळ तो दीड महिन्यात आला नव्हता, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “करुणा. मी ऑफिसला गेल्यावर कधी तू त्याला ओकायला लावलंस का? एखादा दिवस. दोन दिवस. सांग. मी काही म्हणणार नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, भाजलेल्या बोटांवर डाग राहिलेले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, पाया पडायला आलेल्या माणसासारखा. रोज सकाळी स्वतःच्या हातानं आठ गोळ्या देऊन, बॅटरीनं जीभ बघून, तो माझ्याकडे एवढं एकच मागत होता, की मी परत खोटं वागले असावं. आणि ‘हो’ माझ्या जिभेवर होतं. ते म्हटलं असतं तर आणखी सहा आठवडे मिळाले असते आम्हाला.

“नाही,” मी म्हणाले.

तो तरी थांबून राहिला, मी अजून काही बोलेन म्हणून.